तो दगड माह्या आजीचा होता

मरोदा सेक्टर, भिलाई
रविवार, १२ जानेवारी २०२५

चिरंजीव खुशबू,

तुह्या आजीचा जय भीम. उत्तरात तू जय भीम म्हणशील की जय मसीह, ते तुह्यावर सोडलं. मी दोन्ही ऐकून घेईन, कान अजून शाबूत आहेत.

इकडे सगळे बरे आहो. थंडी यंदा जास्तच पडली. तुहा बाप पहाटे फर्स्ट शिफ्टले निघते तेव्हा मफलर, कानटोपी आणि वरून हेल्मेट असा बांधून निघते, की गल्लीतली कुत्री रोज नव्यानं भुंकतात. तुह्या खोलीत आमी कांदे पसरून ठेवले. वाईट वाटून घेऊ नको. कांदे तुह्यापेक्षा शांत आहेत.

हे पत्र तुही मम्मी लिहून राहिली. फोन कावून नाही केला, असं विचारशील. फोनवर मी बोलाले लागली की तुहा बाप उठून बाहेर जाते, तुही मम्मी मधात बोलते, आणि तू ‘आवाज कट रहा है आजी’ म्हणून पळून जाते. कागदावरून कोणाले पळता येत नाही. मी बोलते, वंदना लिहिते, आणि थोडं झालं की मले मोठ्यानं वाचून दाखवते. वाचून दाखव म्हटलं, कारण माहा तिच्यावरचा भरवसा जरा कमी झाला. कावून, ते पुढं सांगते. हे लिहिताना तिनं माह्याकडं पाहिलं. लिही व बाई, लिही.

तुहं पत्र नाताळाच्या चार दिवस आधी पोचलं. पहिली टर्म संपली, म्हणून बायबल स्कूलनं सगळ्यांले घरी पत्र लिहाले लावलं, तीन महिन्यांत काय शिकलो ते. चांगली शाळा आहे. इथं कॉलेजात चार वर्षं शिकली, नर्स झाली, पण काय शिकली ते तू घरी कधी सांगितलं नाही.

वंदनानं अंगणात खाटेवर बसून सगळं वाचलं. वेल्स नावाचा देश, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, रोज पाऊस. सकाळी एक तास कोणी कोणाशी बोलत नाही, आपापलं वाचाचं आणि गप्प राहाचं. तू एक तास गप्प राहिली? मी वंदनाले तेवढंच दोनदा वाचाले लावलं. तुमचा देव काय काय करू शकते ते मले माहीत नाही, पण हे त्यानं केलं असेल तर माणूस, म्हणजे देव, कामाचा आहे.

जेवण झाल्यावर तुमी शंभर जणांची भांडी घासता, पाळीपाळीनं. घरी दोन वाट्या धुवाले सांगितल्या तर तुही परीक्षा असे. तिकडे त्याले सेवा म्हणते म्हणे. इथं नाव बदलाचं आमाले सुचलं नाही, आमचंच चुकलं.

आणि तुमचे ते म्हातारे सर. कोणी प्रश्न विचारला की कधी कधी खिडकीबाहेर पाहते आणि म्हणते, मले माहीत नाही. तू लिहिलं, सगळ्यांत जास्त मी त्यांच्यापाशी शिकली. मले ते आवडलं. इतक्या वर्षांत किती जण माह्यासमोर उभे राहून भाषणं देऊन गेले, विहारात, मैदानात, युनियनमधले, मतं मागणारे. माहीत नाही म्हणणारा एक पाहिला नाही.

मंग तू एक गोष्ट लिहिली, तिच्यावर मी तेव्हा काही बोलली नाही. तू लिहिलं की सगळ्यांत कठीण गेलं ते स्वतःबद्दल सांगणं. दर शुक्रवारी एकानं उभं राहाचं आणि आपण आधी कसे होतो, मंग प्रभू कसा भेटला, ते सांगाचं. एक मुलगा दारू सोडून आलेला. एक जण जेलातून सुटून आलेला. तुह्या खोलीतली पोरगी बापाच्या मारातून पळून आलेली. सगळे रडाचे. तू लिहिलं, ‘आजी, माझी पाळी जवळ येत होती आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं.’

पुढं काय झालं ते तू लिहिलं नाही. एकदम एप्रिलवर आली. एप्रिलमध्ये शाळेतली आठ जणं भारतात येणार, दोन दिवस भिलाईत राहणार, त्यांले घरी आणू का, त्यांले आजीले भेटाचं आहे. तुह्या बापानं, सुगतनं, ते ऐकलं आणि ताट सारलं. म्हणाला, ‘ती येऊ दे. तिचं घर आहे. ते लोक उंबऱ्याच्या आत येणार नाहीत.’ वंदना रडली. मी म्हटलं, पाहू.

मले तेव्हा वाटलं, एवढ्या दूरच्या लोकांले माह्याशी काय काम? मी काय मैत्रीबागेतला वाघ आहो, तिकीट काढून पाहाले?

ते काम काय, हे मले नंतर समजलं.

पत्रात घडी केलेला एक गुळगुळीत कागद होता. शाळेचं छापील पत्रक, इंग्रजीत. त्यात तुहा फोटो. हसून राहिली, पण डोळे हसले नाहीत, म्हणजे कोणीतरी हसाले सांगितलं होतं. मी म्हटलं, वंदना, फोटोखाली काय लिहिलं? ती बोट ठेवून, मोबाइलमध्ये शब्द पाहून, सावकाश मराठीत सांगाले लागली. खुशबू भारतातून आली, नर्स आहे, गाणं चांगलं म्हणते. बोट खाली सरकत होतं, तोंड चालत होतं. मंग बोट चार ओळी खाली गेलं आणि तोंड बंद होतं. पाचव्या ओळीपासून परत आवाज आला.

मी विचारलं, मधात काय आहे? म्हणाली, ‘काही नाही माय, असंच प्रार्थनेचं.’

मले अक्षर येत नाही. ओळी मोजता येतात.

इथं तुही मम्मी थांबली. पेन खाली ठेवला. तिले वाटत होतं मले ठाऊक नाही. उचल व बाई पेन. मी रागावली नाही. तुले तुह्या पोरीची बाजू लिहाची असेल तर लिही, मी पाण्याचा घोट घेते.

(खुशबू, मी मम्मी. तुझ्या आजीला दुखू नये म्हणून मी ते वाचलं नाही. आणि पप्पांच्या कानावर गेलं तर एप्रिलमध्ये तुलाही दार बंद होईल, ही भीती होती. मला त्या ओळी वाचून तुझा राग आला नाही असं नाही. पण तू नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हापासून तुला बघून दोन वर्षं झाली.)

वाचून दाखवलं. बरं लिहिलं.

तर दुसऱ्या दिवशी मी तो कागद पदरात घातला आणि पुंडलिकभाऊकडं गेली. मागच्या गल्लीतले, टाइम ऑफिसमधून रिटायर झालेले. विहारातल्या कोणाकडं गेली नाही. तिथं एकाले सांगितलं की संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाले, कोहक्यापर्यंत पोचते. पुंडलिकभाऊ कुणबी, आमच्याच भंडाऱ्याकडचे, आणि तीस वर्षं लोकांचे लेट मार्क लिहून लिहून तोंडाले कुलूप लागलेले. त्यांनी चष्मा लावला, आधी सगळं मनातल्या मनात वाचलं, मंग खोकलले.

‘भीमाबाई, सूनबाईनं काय सांगितलं?’

‘तिनं सांगितलं ते तिचं. तुमी कागदावरचं सांगा.’

‘पोरगी लहान आहे.’

‘सव्वीस वर्षांची आहे. वाचा.’

त्यांनी वाचलं. ‘मी अंधारात असलेल्या घरातून आले. माझी आजी निरक्षर आहे. ती तांदळाच्या कोठीत एक दगड लपवून त्याची पूजा करत असे आणि त्याला भीत असे. आमच्या घरात कोणी प्रार्थना केलेली मी कधी ऐकली नाही.’

चार ओळी. मंग त्यांनी मले चहा पाजला आणि साखर जास्त घातली.

आता ऐक. निरक्षर आहो, हे खरं. सगळे शिका शिका म्हणत होते, आणि घरात मोठी पोरगी मी होती. धानाच्या रोवण्याले जाले आणि मागची चार भावंडं सांभाळाले कोणीतरी लागत होतं. ते शिकले. त्याचं दुःख मी करून घेतलं, संपलं.

अंधार मात्र मले समजला नाही. आपल्या क्वार्टरच्या मागं स्टील प्लांट आहे. भट्टीतला तापलेला मळ ओतला की आभाळ लाल होते. तुहा बाप लहान होता तेव्हा त्या उजेडानं झोपत नसे, मी खिडकीले चादर बांधत होती. तुहे आजोबा लहानूजी म्हणत, या गावात आपल्याले अंधार पाहिजे असेल तर बाजारातून आणावा लागेल. तो तुले कुठं सापडला?

आणि प्रार्थना. संध्याकाळी मी पंखा बंद करून, पाय जवळ घेऊन, बुद्धापुढं बसून जे म्हणते ते काय आहे? तू माह्या मांडीवर बसून म्हणत होती. ‘सरणं’ म्हणताना तुले जांभई येत होती.

पण या सगळ्याचं काही नाही. हे बोलून मी तुह्याशी भांडून घेतलं, मोकळी झाली. माहा जीव अडकला तो दगडात.

तो दगड माह्या आजीचा होता. माहा नाही. तुले लहानपणी ज्वारीची भाकर भरवताना मी ती गोष्ट सांगत होती. एक बुढी होती, तिनं तांदळात देव लपवला, सगळ्यांनी शोधला, तू हसत होती. तू ती गोष्ट घेतली आणि दोन पिढ्या खाली आणून माह्या डोक्यावर ठेवली. तुह्या पाळीच्या शुक्रवारी तुह्याकडे आपलं काही नव्हतं, म्हणून तू माहं नेलं. आणि माहंही नव्हतं ते.

गोष्टीतला एक भाग मी तुले कधी सांगितला नाही. तुह्या बापाले नाही, तुह्या आजोबांलेही नाही. वंदना, हे हळू लिही.

मी आठ वर्षांची होती. तुमसरजवळचं आमचं गाव. त्या वर्षी दसऱ्याले माहा बाप आणि मोहल्ल्यातले सगळे नागपूरले गेले आणि पांढरे कपडे घालून परत आले. दीक्षा घेऊन. मंग घराघरातले देव एका टोपल्यात गोळा झाले आणि वैनगंगेत गेले. माह्या आजीनंही दिले. चार होते, चारही दिले, कुरकुर केली नाही. एक दगड तेवढा ठेवला. मुठीएवढा, शेंदूर लावलेला. तांदळाच्या कोठीत, खोल. मी कोठीत हात घालून खेळत होती, माह्या बोटांले लागला.

आठ दिवसांनी मोहल्ल्यात सभा झाली. बाहेरून एक गुरुजी आलेले. बोलणं झाल्यावर त्यांनी लहान पोरांले समोर बसवलं आणि विचारलं, कोणाच्या घरात अजून जुना अंधार, जुनं काही राहिलं का? खरं बोलणाऱ्यासाठी टाळ्या. एका पोरानं सांगितलं, आमच्याकडे ताईत आहे. टाळ्या. एका पोरीनं सांगितलं, आमच्याकडे लिंबू-मिरची आहे. टाळ्या.

माह्याकडे सांगाले काही नव्हतं. मंग मले आठवलं.

मी उभी राहिली. म्हटलं, आमच्या घरी अंधार आहे, माह्या आजीच्या तांदळात. सगळी सभा हसली. टाळ्या सगळ्यांत जास्त मलेच पडल्या. गुरुजींनी माह्या डोक्यावर हात ठेवला.

सगळे आमच्या घरी आले. बुढीनं कोणाले कोठीले हात लावू दिला नाही. स्वतः खांद्यापर्यंत हात घातला, दगड काढला, पदरानं त्याच्यावरची तांदळाची भुकटी पुसली आणि माह्या बापाच्या हातात दिला.  त्या दिवसापासून ती बुद्धवंदनेले सगळ्यांच्या मागं बसत होती. सगळ्यांच्या आधी तिचंच पाठ झालं. पण मले तिनं परत नावानं हाक मारली नाही. ‘ए पोरी’ म्हणे. दोन वर्षांनी गेली.

ती गेल्यावर माह्या मायनं मले सांगितलं. माह्या बापाच्या आधी बुढीले एक पोरगा झाला होता. दीड वर्षाचा होऊन पटकीनं गेला. नाल्याच्या काठी, दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर पुरला, तिथं खूण करू देत नव्हते. ती तिथून एक दगड उचलून घरी घेऊन आली. साधा दगड घरात दिसला तर कोणीही उचलून फेकते. म्हणून तिनं त्याले शेंदूर लावला.

तो देव नव्हताच, खुशबू. ती त्याले भीत नव्हती.

मी मायले म्हटलं, मंग त्या दिवशी तिनं सांगितलं कावून नाही? माय म्हणाली, कोणी विचारलं? सगळ्यांले माहीतच होतं ना तो काय आहे ते.

आज एवढंच. वंदनाले स्वयंपाक आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

दोन दिवस पत्र अलमारीत होतं. आज तीळगूळ झाला, हात मोकळे आहेत.

काही उलटं समजू नको. दीक्षा घेतली ते चांगलंच झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. त्याच्यामुळे लहानूजी मान वर करून प्लांटच्या गेटात शिरले, सुगत शिकला, तू नर्स झाली. ते देव गेले याचं मले काही वाटत नाही. तू चर्चले जाले लागली तेव्हा सुगत दोन महिने बोलला नाही, पण मी तुले अडवलं नाही. माहा बाप एका दिवसात सगळं बदलून आला होता. मी कोणत्या तोंडानं अडवू? तुले तिथं काही खरं सापडलं असेल तर धरून राहा. अर्धवट धरलं तर मीच हसेन.

पण टाळ्या कशा असतात, ते मले माहीत आहे. तुले त्या शुक्रवारी पडल्या असतील. गरम असतात, बाई. अंगावर शालीसारख्या पडतात. मले त्या पडल्या तेव्हा खरंच वाटलं होतं की मी खरं बोलली. दगड होता, तांदळात होता, आजीचा होता. खोटं काय होतं त्यात? त्याचं उत्तर शोधाले मले फार वर्षं लागली, आणि अजून पूर्ण सापडलं नाही. तुमच्या त्या म्हाताऱ्या सरांले विचारून पाह्य. माहीत नाही म्हणाले तर समज माणूस खरा आहे.

माफी माग असं मी म्हणत नाही. तो कागद परत छाप असंही नाही. माफीचं मले काय करता येते? माह्यापाशी ठेवाले जागा नाही, खोलीत कांदे आहेत.

आता घरातलं सांगते. आज दुपारी तुहा बाप शिफ्टहून आला, जेवला. मी वंदनाले म्हटलं, पत्र काढ आणि याले पूर्ण वाचून दाखव, त्या चार ओळींसकट. ती माह्याकडं पाहत राहिली. मी म्हटलं, लपवलेलं कोणीतरी एक दिवस दुसरंच काहीतरी म्हणून शोधून काढते. त्यापेक्षा आपणच दाखवू.

तिनं उभ्यानं वाचलं. सुगत भिंतीले टेकून बसला होता. अंधाराची ओळ आली तेव्हा त्याचा जबडा हलला. मले वाटलं, झालं. वंदनानं थांबू का म्हणून डोळ्यानं विचारलं, मी हातानं सांगितलं, चालू दे. दगडाचं आलं. ते संपल्यावर तो म्हणाला, ‘तेवढं परत वाच.’ तिनं परत वाचलं. दीड वर्षाच्या पोरापाशी तो खाली पाहाले लागला. माहा मोठा काका होता तो, खुशबू, सुगतचा आजा. जगला असता तर सुगत त्याच्या खांद्यावर बसला असता. त्याले आज पहिल्यांदा समजलं.

 मंग तो उठला, चूळ भरून आला आणि दारातून म्हणाला, ‘ते आठ जण तिखट खाते का?’

बस. एवढंच. तू गेल्यापासून तुह्याबद्दल त्यानं विचारलेला हा पहिला सवाल आहे. वंदना आत जाऊन नाक पुसून आली. मी म्हटलं, विचारून घेऊ, पत्रात लिहितो. तर लिही, तिखट खाते का ते.

तर आण त्यांले. उंबऱ्याच्या आत आण, खाटेवर बसव. त्यांले काय विचाराचं ते मले विचारू दे, मी सांगेन, तू त्यांले इंग्रजीत सांग. माहं बोलणं ऐकून कोणाले वाटलं की या बुढीच्या घरी अंधारच आहे, तर वाटू दे. तसं त्यांनी लिहिलं तरी मी काही म्हणणार नाही. निदान माह्या तोंडून ऐकून लिहिलेलं असेल.

फक्त तू त्यांच्या एक दिवस आधी ये. एकटी. सकाळी ये, म्हणजे पूर्ण दिवस हाती राहते. मले त्या बुढीपाशी, माह्या आजीपाशी, बसून विचाराचं होतं, दगड कोणाचा, पोरगा कसा होता, त्याचं नाव काय होतं. ते नाव मायलेही माहीत नव्हतं. मी आठ वर्षांची होती, आणि तेव्हा मले टाळ्या पुरेशा होत्या. तू सव्वीसची आहे.

घरचे सगळे तुही वाट पाहून राहिले. एक जण तसं बोलणार नाही, पण त्यानं आजच बाजारात कमी तिखटाची मिरची कोणती मिळते, हे वंदनाले विचारलं.

जिले अजून विचारता येते ती,
तुही आजी
भीमाबाई